जरा सेन्स बदलून बघ!

काउंटर-स्ट्राइकमध्ये माणूस मेला की सगळ्यात आधी माउसकडे बघतो. समोरच्याने डोक्यात गोळी घातलेली असते, मारणाऱ्याचं नाव स्क्रीनच्या कोपऱ्यात झळकत असतं, टीममधले उरलेले चौघे हेडफोनमधून त्याचा मनापासून उद्धार करत असतात. हा मात्र माउस उचलतो, उलटा करतो, खालच्या भिंगावर फुंकर मारतो, परत ठेवतो आणि म्हणतो, "सेन्स जरा जास्त वाटतीये." मेलेल्या माणसाला पुढचा राउंड सुरू होईपर्यंत दुसरं काम नसतं. तेवढ्यात सेटिंग्ज उघडून २.० चं १.८ केलं जातं. पुढच्या राउंडला गोळी शत्रूच्या अलीकडेच राहते. मग १.९. त्याच्या पुढच्या राउंडला गोळी शत्रूच्या पलीकडे जाते. मग १.८५. रात्री दीड वाजता मॅच हरून झोपायला जाताना तो १.८७ वर असतो आणि त्याला खात्री असते की उद्या १.८६ लागणार.

ज्यांच्या घरात हा प्रकार चालतो पण कशाबद्दल चाललंय हे कळत नाही, अशा पालकांसाठी थोडं सांगतो. काउंटर-स्ट्राइकसारख्या गोळीबाराच्या खेळांत स्क्रीनवर आपण स्वतः दिसत नाही. दिसते ती आपल्या हातातली बंदूक आणि मधोमध एक बारीकसं फुलीचं चिन्ह, म्हणजे क्रॉसहेअर. ते हलत नाही. माउस हलवला की आपली मान वळते आणि सगळं जग त्या फुलीखालून सरकतं. माउस किती सरकवला की मान किती वळायची, हे ज्या आकड्यावर ठरतं ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पोरांची 'सेन्स'. जास्त ठेवली तर मनगटाच्या झटक्यात माणूस गर्रकन फिरतो, पण लांबचं डोकं फुलीखाली आणताना हात थरथरतो. कमी ठेवली तर डोकं नेमकं सापडतं, पण पाठीमागून कोणी आलं तर वळेपर्यंत कारभार आटोपलेला असतो. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर तरुण पिढीची किती रात्रींची झोप गेली आहे, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

पूर्वी हरण्याचा दोष पिंगला, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेला, देता यायचा. सर्व्हर सिंगापूरला, आपण ठाण्याला. मधल्या समुद्रात गोळी अडकली असं म्हटलं की ऐकणाराही मान डोलवायचा. पण व्हॅलोरंट या त्याच जातीच्या खेळाचे सर्व्हर मुंबईत आले आणि ठाण्यात बसून पिंगला दोष देणं अवघड झालं. मग दोष मॉनिटरवर गेला. साठ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठच चित्रांवर, शत्रू दिसायच्या आधीच मरायला होतं, अशी तक्रार सुरू झाली. दिवाळीच्या बोनसमधून बाबांनी १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला. आता शत्रू आधीपेक्षा स्पष्ट दिसतो आणि मारतोही तितक्याच स्पष्टपणे. अशा वेळी सेन्स कामाला येते. ती बदलायला पैसे पडत नाहीत, बाबांना विचारावं लागत नाही आणि कितीही दोष दिला तरी ती उलटून बोलत नाही.

यातलं गणित पाचवीच्या मुलालाही जमेल असं आहे. अवघड ते फक्त खेळणाऱ्यांनी केलं आहे. माउस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती टिचक्या पाठवतो तो डीपीआय. त्या प्रत्येक टिचकीला मान किती वळवायची हे खेळातली सेन्स ठरवते. दोन्हींचा गुणाकार केला की जे येतं तेच खरं. ४०० डीपीआय आणि २ ची सेन्स काय, ८०० डीपीआय आणि १ ची सेन्स काय, गुणाकार ८००च. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक ची सेन्स असेल तर एका टिचकीला ०.०२२ अंश मान वळते, म्हणून ८०० च्या गुणाकाराला एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस जवळजवळ ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. हा एवढा एक आकडा समजला की बाकी काही विचारायची गरज उरत नाही. तरीही दोन मित्र तासभर भांडतात. एक म्हणतो माझी दोन आहे, दुसरा म्हणतो माझी एकच, तुझी फार जास्त आहे. डीपीआय दोघंही सांगत नाहीत.

डीपीआयबद्दलचं हे अज्ञान दुकानदारालाही ठाऊक असतं. माउसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '३०,००० डीपीआय' छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक भारावून जातं. या वेगाला माउस दीड-पावणेदोन मिलिमीटर सरकला की पॉइंटर नेहमीच्या १९२० पिक्सेलच्या स्क्रीनच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पोचतो. शिंक आली तर सगळ्या फाइली डिलीट व्हायच्या. त्यातून हा माउस घेऊन घरी आल्यावर पोरगा सगळ्यात आधी काय करतो, तर तीस हजारचे ८०० करतो. बरेच नावाजलेले खेळाडू अजून ४०० वर आहेत, कारण ते खेळायला लागले तेव्हा माउसला तेवढाच डीपीआय असायचा आणि त्यांनी नंतर तो बदलायचे कष्ट घेतले नाहीत.

आता ५२ सेंटिमीटरकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्या घरांतलं कॉम्प्युटर टेबल नावाचं फर्निचर ज्या सुताराने घडवलं त्याच्या डोळ्यांसमोर टॅली होतं, काउंटर-स्ट्राइक नव्हतं. सनमायका लावलेलं, खाली सीपीयूचा कप्पा, वर प्रिंटरचा मजला आणि मधे बाहेर सरकणारा ट्रे. ट्रेची रुंदी दोन फूट. त्यातला दीड फूट नंबर पॅडसकट कीबोर्ड खातो. उरला अर्धा फूट, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. त्यातही कोपऱ्यात पाण्याचं भांडं. मागे वळायला २६ सेंटिमीटर हवेत. म्हणजे पाठीमागून पावलं ऐकू आली की हा जिवाच्या आकांताने माउस ओढतो, माउस ट्रेच्या कडेला आपटतो आणि गडी भिंतीकडे तोंड करून मरतो.

डोंबिवलीला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा हे जवळून बघितलं. भाच्याने कीबोर्ड जवळजवळ उभा करून ठेवला होता, इतका तिरका की टाइप करायचं म्हटलं तर मान मोडावी.

"अरे, हा असा का ठेवलायस?"

"मामा, माउसला जागा होते. प्रो लोक पण असाच ठेवतात."

"आणि नुसती सेन्स वाढवली तर?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यागत बघितलं. "वाढवली की मनगटाने एम करावा लागतो. मी आर्म एमर आहे."

आर्म एमर म्हणजे जो खांद्या-कोपरातून सगळा हात फिरवून नेम धरतो तो. त्यासाठी बहिणीचं डायनिंग टेबल हॉलच्या खिडकीखाली गेलं होतं, त्याच्यावर तीन फूट लांबीचा कापडी माउस पॅड अंथरला होता आणि दाजी सोफ्यावर मांडीत ताट घेऊन जेवत होते. पॅडच्या उजव्या कोपऱ्यात चिवड्याच्या तेलाचा डाग पडला होता. माउस तिथे आला की अडखळतो, म्हणून तेवढा कोपरा टाळून शत्रूंना मारायची त्याने सवय करून घेतली होती. उजवीकडून येणारे वाचत. पुढे तो पॅड शाम्पूने धुऊन गॅलरीत दोरीवर चादरींच्या शेजारी चिमटे लावून वाळत घातला गेला. दिवस श्रावणाचे. पॅड चार दिवस दमट राहिला, दमट कापडावर माउस जड चालू लागला, आणि अर्थातच सेन्स वाढवावी लागली.

या क्षेत्रात माणसांचे काही ठरलेले नमुने भेटतात. पहिला भक्त. त्याला आवडत्या खेळाडूचा आकडा हवा असतो, तोही दशांशासकट. युक्रेनचा ओलेक्सांद्र कोस्तिलेव्ह, ज्याला जग 'सिंपल' म्हणून ओळखतं, तो कित्येक वर्षं ४०० डीपीआय आणि ३.०९ वर खेळला. आपल्याकडे ३.०९ लावून बसलेला कॉलेजकुमार ३.१० ला हातही लावायला तयार नसतो. त्या शेवटच्या शतांशातच मर्म आहे यावर त्याची श्रद्धा असते. गुरूचं टेबल, गुरूचा माउस, गुरूचा खांदा आणि गुरूची हजारो तासांची मेहनत यांतलं काही आपल्याकडे नाही, हा तपशील त्याला गौण वाटतो.

दुसरा गणिती. त्याच्याकडे एक्सेलची शीट असते. काउंटर-स्ट्राइकची सेन्स व्हॅलोरंटमध्ये न्यायची तर ३.१८ ने भागायचं, हे त्याला जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ असतं. स्कोपमधून, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीतून, बघताना वेगळी किती, नुसत्या डोळ्याने बघताना किती, मॉनिटर बदलला तर किती, सगळ्याला त्याच्याकडे सूत्र आहे. लोक त्याच्याकडून आकडा काढून घेतात आणि त्यालाच हरवतात.

तिसरा सनातनी. विंडोजमध्ये 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची एक टिक असते. ती असली की माउस जितक्या वेगाने ओढावा तितका पॉइंटर जास्त लांब जातो, म्हणजे एकाच अंतराला दर वेळी वेगळं फळ. नेमबाजाला हे चालत नाही, म्हणून ती टिक काढायची असते. खेळातली 'रॉ इनपुट' नावाची सोय चालू असेल तर खेळ विंडोजला विचारतच नाही, टिक असो नसो फरक पडत नाही. तरीही सनातनी कोणाच्याही घरी गेला, अगदी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेला, तरी तिथल्या कॉम्प्युटरवरची ती टिक काढून येतो.

चौथा कॅफेवाला. तो गेमिंग कॅफेत तासाचे पैसे भरून खेळतो. व्हॅलोरंटची सेन्स त्याच्या अकाउंटबरोबर येते, पण डीपीआय माउसमध्ये राहतो, आणि माउस कॅफेचा. चाकाच्या मागे डीपीआय बदलायचं एक बटण असतं. आधीच्या गिऱ्हाइकाने ते किती वेळा दाबलं हे फक्त त्यालाच माहीत. बटण दाबलं की दिव्याचा रंग बदलतो. निळा म्हणजे किती, हिरवा म्हणजे किती, हे काउंटरवरच्या पोरालाही सांगता येत नाही. तासातली पहिली काही मिनिटं हा आकाशाकडे आणि जमिनीकडे बघत गोल गोल फिरत असतो. टीममधल्यांना वाटतं याला चक्कर आली.

आणि मोबाइलवाल्यांना वाटत असेल आपण सुटलो, तर त्यांची गत आणखी बिकट आहे. बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळात रेड डॉटच्या स्कोपची सेन्स वेगळी, २एक्सची वेगळी, ३एक्स, ४एक्स, ६एक्स, ८एक्स, सगळ्यांच्या वेगळ्या. कॅमेऱ्याच्या निराळ्या, गोळी झाडतानाच्या निराळ्या, फोन हलवून नेम धरायचा असेल तर जायरोस्कोपच्या पुन्हा सगळ्या निराळ्या. इतक्या पट्ट्या कोण सरकवत बसणार, म्हणून सेन्सिटिव्हिटीचा तयार कोड मिळतो. तो एकमेकांना पाठवतात. "भावा, कोड टाक ना" असं म्हणणाऱ्याला कोड मिळतो, आणि तो टाकून मेला की दुसऱ्याचा कोड मागतो.

हे सगळं बघितल्यावर वाटतं की जुन्या लोकांचं कसं चालायचं? पहिल्या पिढीतले बरेचसे खेळाडू तर नुसत्या कीबोर्डवर खेळत. १९९७ साली क्वेक या खेळाची 'रेड अॅनिहिलेशन' नावाची स्पर्धा झाली. जिंकला डेनिस फाँग, म्हणजेच 'थ्रेश'. क्वेक घडवणाऱ्या जॉन कार्मॅकने बक्षीस म्हणून आपली स्वतःची लाल फेरारी त्याला देऊन टाकली. डाव्या हाताने कीबोर्ड आणि उजव्या हाताने माउस ही आजची बैठक रूढ होण्यात या थ्रेशचा मोठा वाटा. त्या काळी माउसच्या पोटात रबरी गोळा असायचा. त्याला धूळ-केस चिकटले की झाकण फिरवून गोळा काढायचा आणि आतल्या रुळांवरचा काळा मळ नखाने खरवडायचा. आपल्याकडे दोन हजारच्या दशकात सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ चालायचं तेव्हाही अर्ध्या माउसांची हीच स्थिती होती. शाळांच्या लॅबमधून तर गोळेच चोरीला जात. ज्या खुर्चीत बसलो तिथे आधीच्याने जी सेन्स ठेवली असेल ती आपली. त्यावरच लोक जिंकत होते, हरत होते आणि तासाचे पैसे कोण देणार यावरून भांडत होते.

आता शास्त्राकडे. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाताच्या नेमाचा एक नियम मांडला. तेव्हा माउसचा जन्मही झाला नव्हता. नियम असा की लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींच्या गुणोत्तरावर ठरतो: लक्ष्य किती लांब आहे आणि किती रुंद आहे. लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त. आता सेन्स दुप्पट करून बघा. माउसला कापायचं अंतर निम्मं झालं, छान. पण शत्रूचं डोकंही हाताच्या हिशेबाने निम्मं झालं. गुणोत्तर होतं तिथेच. सेन्स निम्मी केली तरी तेच, दोन्ही दुप्पट. म्हणजे मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात आकडा इकडचा तिकडे केल्याने अवघडपणा फारसा कमी-जास्त होतच नाही. टोकाला गेलात तरच बिघडतं: फार कमी ठेवली तर हात आणि टेबल संपतं, फार वाढवली तर बोटांचा कंप मधे येतो.

याचा पुरावा मैदानातच आहे. सिंपलचे ४०० आणि ३.०९ म्हणजे एका गिरकीला साधारण ३४ सेंटिमीटर. फ्रान्सचा मॅथ्यू एर्बो, म्हणजे 'झायवू', तो ४०० आणि २ वर, म्हणजे ५२ सेंटिमीटर. एकाला दुसऱ्याच्या दीडपट हात फिरवावा लागतो. आणि २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या संकेतस्थळाच्या वार्षिक यादीत जगातला पहिला नंबर या दोघांनीच वाटून घेतला, प्रत्येकी तीनदा. अचूक आकडा असं काही खरंच असतं तर या दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा कधीच उचलला असता.

तरीही अचूक आकड्याचा शोध थांबत नाही. त्यासाठी एक पद्धतही आहे. पॅडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत माउस नेला की एक गिरकी होईल असा आकडा आधी धरायचा. मग त्याहून बराच कमी आणि बराच जास्त असे दोन घेऊन खेळून बघायचं, बरा वाटेल त्याच्या बाजूला सरकायचं, पुन्हा दोन घ्यायचे, असं अंतर कमी करत जायचं. चष्म्याचा नंबर काढताना हेच होतं. "हे स्पष्ट, की हे?" "आधीचं... नाही, हे... परत एकदा दाखवा." शेवटी दोन्ही काचा सारख्याच दिसायला लागतात आणि आपण डॉक्टरांचं मन राखायला काहीतरी ठोकून देतो. इथेही सातव्या फेरीला १.१३७ असा आकडा बाहेर पडतो. तीन दशांश आले की माणसाला विज्ञान झाल्यासारखं वाटतं.

माझ्या मते हा शोध इतका गोड लागतो याचं कारण वेगळं आहे. हात सुधारायला महिने जातात आणि सुधारतोय की नाही हे दिसतही नाही. आकडा मात्र एका क्लिकमध्ये सुधारतो. शिवाय नवीन सेन्सवर पहिल्या दोन मॅच बऱ्या जातात, कारण माणूस जपून खेळतो, लक्ष देतो. तिसऱ्या मॅचला सवयीने ढिला पडतो, हरतो, आणि पुन्हा आकड्याकडे वळतो. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की चांगले खेळाडू माउस फारसा हलवतच नाहीत. शत्रू कोणत्या कोपऱ्यातून, कोणत्या उंचीवर डोकं काढणार हे त्यांना माहीत असतं. फुली आधीच तिथे धरून ठेवलेली असते. शत्रू स्वतः चालत फुलीखाली येतो. उरतं ते फक्त बोट दाबणं, आणि बोट दाबायला सेन्स लागत नाही. आपण मात्र फुली जमिनीवर टेकवून पळत जातो, शत्रू दिसल्यावर दचकून माउस वर ओढतो आणि मग १.८७ ची चौकशी लावतो.

तेव्हा निकाल असा. पॅड जेवढा मावेल तेवढा मोठा घ्या. एका ओढीत पाठीमागे वळता येईल अशी सेन्स ठेवा. काउंटर-स्ट्राइकमध्ये गुणाकार ६०० ते १२०० च्या दरम्यान कुठेही आला तरी तुम्ही सभ्य माणसांत आहात. फुली डोक्याच्या उंचीवर धरा. आकडा एका कागदावर लिहा आणि महिनाभर त्याला हात लावू नका. हे वाचून झाल्यावर तुम्ही सेन्स बदलणार आहातच, ते मला माहीत आहे. तर निदान एकदाच बदला, आणि तरीही हरलात तर कृपा करून माझा आकडा विचारू नका.